चोळीबांगडीचं रान

रान माझं होतं. असं म्हटलं की आमच्याकडे अजूनही कुणीतरी गालात हसतं, कारण कागदावर ते कधीच माझं नव्हतं. हसू द्या. उमेदीची सगळी वर्षं मी त्या उतारावर घालवली. कुठल्या झाडाच्या ढोलीत काय राहतं, कुठला खुंट कधी फुटतो, हे डोळे मिटून सांगत होते. पटवाऱ्याला यातलं काय ठाऊक होतं?

पण सुरुवातीपासून सांगते. एका पावसाळ्यात तापानं माझा नवरा गेला आणि दिवाळीच्या आत सासऱ्यांनी मला गाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. पोटी लेकरू नव्हतं, म्हणजे अडवायला कुणी नव्हतं. सोबत एक गाठोडं. सासरे पाणीसुद्धा न पिता परत फिरले. आमचं गाव हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, डोंगराला टेकलेलं. राज्य निजामाचं. नाका ओलांडला की वऱ्हाड, तिकडं इंग्रजाचं. घरात आई नव्हती, ती आधीच गेली होती. वडील होते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. धाकटा भाऊ होता, त्याला नुकती मिसरूड फुटलेली.

आमच्यात एक रीत होती. लेक अशी परत आली की तिच्या चोळीबांगडीसाठी जमिनीचा एक तुकडा काढून द्यायचा. ती जिवंत असेतो त्याचं उत्पन्न तिचं, ती गेली की तुकडा पुन्हा भावाकडे. सगळं तोंडी. पण चार माणसांत बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं समजत. आबांनी पारावर चार माणसं बसवली, मला मागं उभी केली आणि म्हणाले, "खालची काळी पोराची. वरचं रान लेकीचं. त्याच्यावर तिची चोळीबांगडी निघंल."

भाऊ हसला. "अक्काला धोंडे दिले की वो आबा तुमी."

धोंडे होतेच. पण धोंड्यांमध्ये साग होता, धावडा होता, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बेहडा, पळस होता. मला त्यातलं एकही झाड तेव्हा नीट ओळखता येत नव्हतं. मला एवढंच कळलं, की हे रान चाललं तर मी या घरात पाहुणी नाही आणि ओझंही नाही. भावजय आली तरी तिच्या हाताकडं बघत बसायला नको. माझी भाकर माझी. बाईच्या जन्मात याहून मोठी चैन मी तरी पाहिली नाही.

रान राखायचं कसं ते आबांनी शिकवलं. त्यांनी उताराच्या आडव्या पट्ट्या पाडल्या होत्या. दर साली एकच पट्टी तोडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. शेवटची पट्टी तोडून होते तोवर पहिली पुन्हा हाताशी आलेली असायची. तोड पौष-माघात, पानं गळून गेल्यावर, झाड गप्प असताना. आणि घाव अगदी जमिनीलगत, तिरपा, उताराच्या बाजूला. खुंटावर पाणी साचलं की खुंट कुजतो. उंच तोडला तर फुटवा येतो खरा, पण पहिल्या वादळात मोडून पडतो. तिरपा घाव घालायचा तर माणसाला पार गुडघ्यात वाकावं लागतं. भाऊ कुरकुर करायचा. आबा त्याच्या पाठीत हळूच कुऱ्हाडीचा दांडा टेकवायचे. "वाक. कंबर वाकवायला लाजतो त्यानं रान राखायच्या फंदात पडू न्हाई." वाकून वाकून भावाचा हात असा बसला की पुढं घरच्या बाभळीची फांदी तोडायची तरी तो खाली बसूनच तोडायचा.

लाकूड न्यायला कुरुंद्याकडचे हळदवाले गाड्या घेऊन यायचे. तिकडं सपाटी, झाड नाही, आणि हळद शिजवायला जळण लागतं खंडीनं. मोठाल्या कढया दिवसरात्र चुलाणावर. सरळ बल्ल्या घरांच्या आढ्याला जायच्या. साग मात्र आपल्या रानातला असला तरी सरकारचा, रजा काढल्याशिवाय तोडता येत नसे. जंगलखात्याचा शिपाई यायचा, आमची कोंबडी खायचा, मिशी पुसायचा आणि मग रजा मिळायची. चैत्रात मोहाची फुलं, वैशाखात चारोळी, बाकीच्या दिवसांत पळसाच्या पानांच्या पत्रावळी. वर्षाची लुगडी, तेलमीठ, एखादा दागिना मोडायची वेळ येऊ नये एवढं निघायचं.

आता हातलावणी सांगते. ती आमच्या घरापलीकडं कुठंच नव्हती. दिवाळी झाली की आबा आणि मी यंदाच्या पट्टीतून हिंडायचो आणि तोडायची नाहीत ती झाडं ठरवायचो. बहुतेक लोक वाकडं, किडकं झाड मागं ठेवतात आणि सरळ तोडतात. आबांचं उलटं. "बी चांगल्याचं पडू द्यावं. वाकड्याचं बी पेरून सरळ रान कुठून यील?" म्हणून सगळ्यात देखणी झाडं ठेवायची. त्यांच्या जोडीला ढोलीचं एखादं म्हातारं झाडही ठेवायचं, पाखरांसाठी. खूण कसलीच करायची नाही. चुना नाही, खाच नाही, चिंधी नाही, कारण खूण केलेलं झाड चोराच्या आणि शिपायाच्या डोळ्यांत भरतं. आबा झाडाला पालथा हात लावायचे, मग त्याच जागी मी लावायची. झालं. ते झाड दोघांच्या ध्यानात राहायचं. तोडीच्या वेळी आमच्यापैकी एकजण मजुरांच्या पुढं चालून "हे सोड, हे घे" सांगायचा. भावाला यात कधी गोडी वाटली नाही. त्याला म्हटलं चल, तर म्हणायचा, "झाडाची काय सोयरीक जमवायची हाय का?"

आबांशी माझी भांडणं व्हायची ती इथंच. त्यांना जास्त ठेवायचं असायचं, मला जास्त तोडायचं असायचं. पोट माझं होतं ना. एका म्हाताऱ्या बेहड्यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. आतून पार पोकळ. जळणाच्या दोन गाड्या सहज निघाल्या असत्या. त्यात घुबडांचं जोडपं राहायचं. मी म्हटलं, "आबा, घुबडं मला लुगडं देत न्हाईत."

"लुगडं न्हाई देत," ते म्हणाले, "ज्वारी देत्यात."

मला ते बोलणं थापच वाटलं. पण एका साली भावानं हट्टानं एक पट्टी आपल्या मनासारखी केली. ढोलीची झाडं काढली, बोरीकरवंदीची जाळी साफ केली, निव्वळ साग ठेवला. दिसायला अशी झकास की गावातली माणसं बघायला आली. पुढच्या पावसाळ्यात त्या सागाच्या पानांवर अळी पडली आणि पानांची नुसती जाळी राहिली. शेजारच्या पट्टीत अळी होती, पण ती वेचायला पाखरंही होती. जाळी गेली, पाखरं कुठं बसणार? त्याच पट्टीखालच्या वावरात उंदरांनी ज्वारीची कणसं तोडून बिळात नेली.   बेहड्यावरचा माझा हक्क मी त्या दिवशी सोडला.

पण आबा म्हणतील तसंच सगळं व्हायचं असंही नाही. दाट झालेला धावडा विरळ करावा, उजेड खाली पोचला की चारोळी धरते, हे मी त्यांना दाखवून दिलं. त्यांनी ते चारचौघांत कबूल केलं. "माज्या लेकीची नजर माज्यापेक्षा बराबर हाय," असं पारावर बोलले. मी तेव्हा घरी भाकरी थापत होते. शेजारणीनं येऊन सांगितलं आणि तव्यावरची भाकर करपली. त्या माणसावर माझा किती जीव होता, हे कळावं म्हणून सांगते.

एक धनगरीण माझी मैत्रीण होती. तिचा नवरा, दोन पोरं आणि मेंढरांचा कळप डोंगराच्या अंगानं फिरायचा. आमचं ठरलेलं होतं. ज्या पट्टीतला फुटवा मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या शेळीच्या तोंडाला लागणार नाही, त्याच पट्टीत मेंढरं-शेळ्या घालायच्या. बदल्यात ती आमच्या वावरात खतासाठी रात्रीची मेंढरं बसवायची, आणि रानावर नजर ठेवायची. तिनं शब्द कधी मोडला नाही. हे लिहिताना जरा राग येतो, कारण परक्या बाईनं पाळलं ते घरच्यांना जमलं नाही.

मग गडबडीचं साल आलं. देश स्वतंत्र झाला होता पण आम्ही नव्हतो. टोळ्या फिरू लागल्या. आज या गावी आग लागली, उद्या त्या गावची माणसं पळाली. फाल्गुनात आमच्या गावानंही पाय काढला. नाक्यापलीकडे रस्त्यालगत माझ्या मावशीचं घर होतं. आबा, मी, भावजय आणि तिची लेकरं तिकडं गेलो. भाऊ मागं राहिला, गुरांसाठी आणि घरासाठी. जाताना मी त्याला म्हटलं, "भाऊ, रानाकडं नजर ठेव."

"तू काहून काळजी करतीस अक्का? मी हाय ना."

मावशीच्या घरी आम्ही आठ-दहा माणसं एका खोलीत. मला तिथं रानाशिवाय दुसरा विषय सुचत नव्हता. यंदाची पट्टी तोडायची राहिली होती. दिवाळीनंतर आमची हातलावणी झाली होती आणि तोडीच्या आधीच गडबड झाली. मी आबांना रोज काहीतरी विचारायची. पट्टी पुढच्या साली तोडली तर चालंल का? मोह कुणी वेचला असंल का? ते हो म्हणायचे. नाहीतर नुसते हुं म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस, घर सुटलं, मन लागत नसेल. मी त्यांना आवडतं म्हणून मावशीकडून ताक मागून आणायची.

वैशाखात भाऊ एकदा येऊन गेला. बापलेक रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बराच वेळ बोलत बसले. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "भावासंगं जाऊन वावराकडं बघून येतो." वाटेत धोका होता. मी नको म्हटलं, रडलेसुद्धा. ऐकलं नाही. ते परत येईपर्यंत मी पाणी सोडून काही घेतलं नाही. आले तेव्हा लंगडत होते. टाचेत हिवराचा लांब काटा मोडला होता. मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढला आणि वर बिब्ब्याचा चटका दिला. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. "माय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नाक्यावरून लाकडाच्या गाड्या जायला लागल्या. वर कडबा टाकलेला, खालून सोललेल्या ओंडक्यांची तोंडं दिसायची. तेव्हा नाक्यावर कुणी कुणाला विचारत नव्हतं. निजामाकडचा माल वऱ्हाडात खुशाल उतरत होता. मी आणि आबा ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "कुणाचं रान उजाड झालं कोण जाणे. बिचारे." आबा उठून आत गेले. पाय दुखत असेल असं मला वाटलं.

हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि दसऱ्यानंतर आम्ही परत आलो. घर शाबूत होतं. भांडीसुद्धा शाबूत. मी पाटी ठेवली आणि तशीच रानाकडं निघाले. शिवेवर धनगरीण भेटली. एरवी लांबून हाक मारणारी बाई, त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिली. "जाऊ नको बाय," म्हणाली. "आज जाऊ नको. जेव, मंग जा."

मी गेले. उतार उघडा पडला होता. एक पट्टी नाही, दोन नाही, सगळ्या. ज्या पट्ट्या तोडीला यायला अजून बरीच वर्षं होती, त्यासुद्धा. मधून मधून एखादं झाड उभं, बाकी खुंट आणि त्यांच्या कडेचा कोवळा पाला. मी मटकन खाली बसले. मला रडू आलं नाही.  माझी भाकर गेली, हा विचार नंतर आला. आधी आलं ते असं, की आबांना आता कसं सांगू?

भाऊ मागोमाग आला. "टोळीवाल्यांनी नेलं अक्का. मी एकटा काय करनार? जीव वाचला हेच नशीब." गावातही सगळे तेच म्हणत होते. त्या साली जे जे गेलं ते टोळीवाल्यांनी नेलं. कुणाचा बैल, कुणाची परात, कुणाची सून पळून गेली तरी टोळीवालेच. मीही मान हलवली.

पण माणूस बसलं की त्याची नजर जमिनीवर जाते. माझ्यासमोर कोवळ्या पाल्याआड सागाचा खुंट होता, जमिनीलगत, तिरपा, उताराच्या बाजूला. त्याच्या पलीकडचाही तसाच. मी उठले आणि खुंटाखुंटानं चालत गेले. लुटायला आलेला माणूस घाईत असतो, उभ्यानं कुऱ्हाड मारतो आणि कंबरेएवढा खुंट सोडून पळतो. इथं एक एक घाव गुडघ्यात वाकून घातलेला. सगळे खुंट तसे. इतक्या खुंटांना कुणी वाकलं असेल, तर त्याच्या पाठीत पोरवयात कुऱ्हाडीचा दांडा टेकलेला असणार. भावानं मजूर लावले असतील, पण त्यांच्यापुढं उभा राहून वाका म्हणणारा तोच. चोरी करतानासुद्धा त्याच्या हाताला दुसरं जमलं नाही.

मी त्याच्याकडे वळले. "भाऊ, टोळीवाले लई वाकून तोडतात रे."

 त्याला कळलं मला कळलंय ते. आधी नाही म्हणाला, मग चढ्या आवाजात म्हणाला, "व्हय, मी तोडलं. मंग? दुसऱ्या कुनी तोडलंच असतं की. समदे तोडून राहिले होते, शिपाई न्हाई, रजा न्हाई. नाक्यापल्याड ठेकेदार उभा होता. माजी लेकरं हायती अक्का."

कुंपणानंच शेत खाल्लं. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आमच्या आईचं नाव घेऊन बोलले. तो ऐकत होता, पण मधेच घराकडे बघायचा, आणि मला वाटलं, घाबरला आबांना. बरं झालं, म्हटलं. आता आबांपुढं उभं करते याला. त्याच चार माणसांना पुन्हा बसवते पारावर. माझ्या बाजूला अजून एक माणूस आहे, या एका गोष्टीवर मी उभी होते.

घराकडं निघताना मी शेवटच्या पट्टीतून गेले. ही यंदा तोडायची होती तीच. तिथं उभ्या असलेल्या एका सागापाशी मी थांबले. सरळ, शेंड्यापर्यंत एक गाठ नाही. पुढं दुसरं. त्याच्या खाली बांधाशी धावडा. मग ढोलीचा मोह. ही आमच्या हातलावणीची झाडं होती, दिवाळीनंतरची. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी मागच्या पट्ट्यांकडे वळून पाहिलं. तिथंही तीच, ज्या त्या साली आम्ही ठरवलेली.

ती झाडं भावाला ठाऊक नव्हती. तो कधी आलाच नव्हता आमच्याबरोबर. ती जगात दोघांनाच ठाऊक होती. मी नाक्यापलीकडे होते, आणि मजुरांच्या पुढं चालून कुणीतरी "हे सोड, हे घे" सांगितलं होतं.

मला तो काटा आठवला. आमच्या काळ्या वावरात हिवर नाही. हिवर रानाच्या वरच्या अंगाला आहे. मी माझ्या रानातला काटा माझ्या हातानं त्यांच्या टाचेतून काढला होता आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

आबा ओसरीवर बसले होते. मी समोर उभी राहिले. काही सजवून बोलायची ताकद नव्हती. "आबा, झाडं तुमी दाखवली?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढं तरी केलं. "बस," म्हणाले.

"न्हाई बसत."

"राज बदलनार होतं, माय. उद्या कोनाचं रान कोनाचं राहील, कोनाला ठाव? नवं सरकार येऊन म्हनंल, हे आमचं जंगल. तवा काय करनार होतो? भावाला लेकरं हायती, त्यास्नी खाली जमीन लागंल. आता घेतली त्यानं, ओढ्याकडची." मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "रान तुजंच हाय. कोन न्हाई म्हनतं? पर लाकूड घराचं होतं. आन तुला काय, घरात भाकर हाय की."

घरात भाकर हाय की. ज्या भाकरीपासून मला लांब ठेवण्यासाठी त्यांनी पारावर चार माणसं बसवली होती, तीच आता मला वाढत होते.

"मला इचारलं का न्हाई?"

"तू व्हय म्हनली नसती."

"म्हनून इचारलं न्हाई."

त्यांनी दुखरा पाय ओसरीवर ओढून घेतला. मी म्हटलं, "गाड्या जात होत्या तवा मी तुमच्या शेजारी बसले होते. बिचारे म्हनले मी. तुमाला तवा तरी सांगावं वाटलं न्हाई?"

"तू रडली असतीस," ते म्हणाले. "म्या नीट तोडलं ना पन. भावाला सोडला असता तर त्यानं समदंच कापलं असतं. तुजी झाडं ठेवली. खुंट जमिनीलगत घेतले. फुटवा यील. बघ तू, पहिल्यापेक्षा जोरात यील."

खरं सांगते, दुसऱ्या कुणी केसानं गळा कापला असता तर मी त्याच्या दारात जाऊन तोंडावर थुंकले असते. पण हा माणूस गळा कापताना सुद्धा घाव सरळ पडला का ते बघत होता, आणि त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केले. याला काय म्हणावं? मला आजही शब्द सापडत नाही. नवरा मेला तेव्हा मी दैवाला दोष दिला होता. इथं दोष द्यायला दैव नव्हतं, माझा बाप होता.

पारावरच्या चार माणसांकडे मी गेले, ते सांगून टाकते. एक वारला होता. उरलेल्यांनी घसा खाकरला. "बापलेकीचं हाय, आमी काय बोलनार?" काळ्या दगडावरच्या रेघा कुणी तरी पुसू शकतं, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी मी परसात तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. भाऊ-भाऊ चूल वेगळी करतात, परत आलेली लेक करत नाही. गावात चर्चा झाली. भावजय रडली, तिचा काही दोष नव्हता. मी पत्रावळ्या लावल्या, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेले आणि उरलेला वेळ रानात. फुटवा खरंच आला होता. वळवाच्या पावसानं खुंट जागे झाले होते आणि दिवाळीपर्यंत सागाचे फुटवे माझ्या कंबरेला लागले, पानं सुपाएवढी. एका खुंटावर आठ-आठ फुटवे. त्यातला एक जोमाचा ठेवायचा आणि बाकीचे काढायचे. ढोलीच्या मोहात घुबडं परत आली होती. धनगरणीनं सगळ्या कळपवाल्यांना दम भरला होता, एक शेळी आत फिरकली नाही. एवढं सगळं मी एकटीनं सांभाळत होते, पण ते तोडीला यायला माझं म्हातारपण उजाडणार होतं.

आबांचे गुडघे त्या थंडीत धरले. डोंगर सोडा, परसापर्यंत यायला त्यांना भिंत लागायची. भाऊ लाजेनं रानाकडे फिरकत नव्हता, त्यामुळे रानाची खबर त्यांना द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळी मी उतरून आले की ते भिंत धरत धरत माझ्या चुलीपाशी यायचे. भावजयीची भाकर जाड होते, चावत नाही, असं निमित्त. मी पातळ भाकर करून द्यायची, दुधात कुस्करून. आई असती तर तिनं जसं दिलं असतं तसं. उपाशी ठेवणारी मी नाही.

खाऊन झालं की ते विचारायचे, "फुटवा आला का गं?"

मी भांडी घासायला घ्यायची.

रोज विचारायचे. कधी नुसतं "आला का?" एकदा धनगरीण दारावरून जाताना त्यांनी तिला हाक मारली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती "घाई हाय आबा" म्हणून पुढं गेली. त्यांना जमीन मिळाली होती, नातू मिळाले होते, भाकर माझ्या हातची मिळत होती. फक्त आपण बरोबर तोडलं की नाही, एवढंच त्यांना कळत नव्हतं. ते सांगायला मला दोन शब्द लागले असते.

थंडी सरायच्या आत ते गेले. शेवटच्या दिवशी बोलणं बंद झालं होतं, पण मी जवळ बसले तर माझ्या हाताकडे बघत राहिले. दिवसभर फुटवे विरळ केले होते. सागाच्या कोवळ्या पानाचा लाल रंग बोटांना लागतो, धुतला तरी जात नाही. मी हात पदराखाली घेतला.